मयत खातेदार

9 जानेवारी 2025, गोंदिया

जवायाची तेरवी परवा आटोपली. आज धाकटीने माळ्यावरची पत्र्याची पेटी उतरवून माझ्यापुढे ठेवली. म्हणाली, "भाऊ, तू बँकेत होतास. तूच पाह्य." नोकरीभर मी असले अर्ज घेतले, तपासले, त्रुटी काढून परत केले. भरायची वेळ आली ती आता, तीही बहिणीसाठी.

पेटीत तीन पासबुके, चार लाखांच्या ठेवीची पावती, गोंदियातल्या घराच्या कर्जाचे मंजुरीपत्र आणि डिसेंबरात केंद्रावर मोजून दिलेल्या धानाची पावती निघाली: 60 क्विंटल, दर 2300. धानाचे चुकारे अजून यायचेत. जवाई राइस मिलमध्ये मुनीम होते, लोकांचे हिशेब पैशापैशाने लिहायचे. स्वतःचे सगळे एका पेटीत कोंबलेले.

कुकरच्या वॉरंटी कार्डात घडी केलेला आणखी एक कागद सापडला. घरकर्जावरचा विमा. कर्ज घेतानाच एकरकमी हप्ता कापून घेतलेला. धाकटीला याचा पत्ताच नव्हता. मी तो कागद वेगळ्या पिशवीत ठेवला आणि पिशवी माझ्या सायकलला लावली.

13 जानेवारी

मृत्यू नागपूरला मेडिकलमध्ये झाला, म्हणून दाखला नागपूर महापालिकेचा. जिथे मृत्यू तिथेच नोंद, हे गावात अनेकांना माहीत नसते. ते ग्रामपंचायतीत खेटे घालत बसतात. विदर्भ एक्स्प्रेसने गेलो, दाखल्याच्या दहा प्रती घेऊन आलो. कमीच पडतील.

नावाचा घोळ आहेच. दाखल्यावर आधारप्रमाणे नाव, सातबाऱ्यावर घरी हाक मारायचे ते नाव, पासबुकात वडिलांचे नाव चुकलेले. तिन्ही माणसे एकच आहेत असे प्रतिज्ञापत्र करावे लागेल.

भाच्याने तेरवीच्या खर्चासाठी एटीएममधून दहा हजार काढले होते. पिन त्याला माहीत होता. मिलमधले लोक सांगत होते, खाते बंद पडायच्या आत उरलेले पण काढून घ्या. असे घरोघर चालते आणि बहुतेकदा निभावतेही. पण खातेदार गेल्यानंतर त्याचे कार्ड चालवायचा हक्क कोणालाच नाही, बायकोलाही नाही. वारसांत एक जण जरी उद्या बिथरला, तर तेच दहा हजार चोरीच्या नावाखाली निघतात. कार्ड कापले. काढलेली रक्कम वारसांच्या अर्जात तारखेसह लिहिली.

21 जानेवारी

गोंदियाच्या बँकेत ठेवीला नॉमिनी आहे. धाकटीचा जीव भांड्यात पडला. मग नाव कळले: जवायाचा धाकटा भाऊ. खाते 2001 चे, लग्नाच्या आधीचे. तेव्हा भावाचे नाव दिले आणि पुढे कोणी बदलले नाही.

दीर तिथेच उभा होता. तो बिचारा धाकटीपेक्षा जास्त घाबरला. "वहिनी, मले यातलं काईच ठाऊक नवतं."

बँक पैसे त्याच्याच हाती देणार. नॉमिनीला दिले की बँक मोकळी. पण पैसे त्याचे होत नाहीत. तो वारसांसाठी सांभाळणारा. सर्वोच्च न्यायालयाने हे विम्याबाबत 1983 मध्येच सांगितले होते. शेअर आणि म्युच्युअल फंडांबाबत हाच वाद 'कालनिर्णय'कार जयंत साळगावकरांच्या घरातून दिल्लीपर्यंत गेला. साळगावकर ऑगस्ट 2013 मध्ये गेले, मृत्युपत्र 2011 चे होते, आणि शेवटचा निकाल 14 डिसेंबर 2023 ला लागला: नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. मृत्युपत्र होते, वकील होते, तरी दहा वर्षे. आमच्याकडे तर मृत्युपत्रही नाही.

दिराने मात्र पैसे आले त्याच दिवशी वारसांना देईन असे स्वतःहून लिहून दिले. त्याचे अक्षर मोठे सुरेख आहे.

24 जानेवारी

चुकारे आले. 1 लाख 38 हजार, मयताच्या खात्यात. मोबाइल अजून चालू असल्यामुळे मेसेज आला आणि सगळे घर त्या फोनकडे बघत राहिले.

हे खाते गावाजवळच्या बँकेचे आणि त्याला नॉमिनीच नाही. पीककर्जही तिथूनच, सोसायटीमार्फत, 90 हजार. 31 मार्चच्या आत भरले तर पंजाबराव देशमुख योजनेत व्याज शून्य. एक दिवस उशीर झाला तर सवलत गेली. म्हणजे त्याच बँकेत एका खात्यात पैसे पडून आणि दुसऱ्या खात्यात थकबाकी होऊ घातलेली. वारसांनी एकमुखाने लिहून दिले तर बँक खात्यातून कर्ज वळते करू शकते. त्यासाठी चौघांच्या सह्या हव्यात: बायको, मुलगी, मुलगा आणि आई.

आई म्हटल्यावर शाखेतला कारकूनही थांबला. "आईपण?" होय, आईपण. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यात पहिल्या वर्गाच्या वारसांत मयताची आई बायको-मुलांच्या बरोबरीने बसते. वडील बसत नाहीत. भाऊ तर नाहीच. तरी आपल्याकडे वारसांची यादी करताना भावापासून सुरुवात होते आणि म्हातारी शेवटी आठवते, तीही अंगठ्यापुरती.

2 फेब्रुवारी, गोरेगाव तालुका

सकाळी विमा कंपनीच्या हेल्पलाइनवर. "पत्ता सांगा." गोरेगाव. "पूर्व की पश्चिम?" मी म्हटले, बाई, हे गोंदिया जिल्ह्यातले गोरेगाव, इथे पूर्व-पश्चिमेला बांध्याच आहेत. ती हसली, पण फॉर्ममध्ये मुंबईच पडली. पुन्हा फोन करावा लागला.

घरकर्जाचा जामीनदार आज परत सांत्वनाला आला. मिलमधलाच सोबती. चहा झाला, जवायाच्या आठवणी झाल्या, मग दारात चप्पल घालताना हळूच: "मामाजी, त्या कर्जाचं का होईल?" मला त्याचा राग नाही येत. जामीनदाराला दुःखसुद्धा निवांत करता येत नाही.

भाच्याच्या डोक्यातही कोणी भरवून दिले आहे की बापाचे कर्ज आता त्याच्या मानेवर. सोळा वर्षांचा पोर रात्री झोपत नाही. त्याला बसवून सांगितले: मुलाने वडिलांचे ऋण फेडणे हे धर्मकर्तव्य, म्हणून न्यायालयही ते वसूल करून देईल, ही जुनी तरतूद 9 सप्टेंबर 2005 पासूनच्या कर्जांना लागू नाही. वारसाची जबाबदारी त्याच्या वाट्याला मयताची जेवढी मालमत्ता आली, तेवढीच. तुझ्या उद्याच्या पगाराला कोणी हात लावू शकत नाही. आई सहकर्जदार आहे म्हणून तिची गोष्ट वेगळी, पण त्यासाठीच तो विम्याचा कागद आहे. तोवर हप्ते मात्र चुकवायचे नाहीत. नव्वद दिवस थकले की खाते एनपीएत जाते आणि मग सगळी भाषाच बदलते. दोन हप्ते मी भरतो आहे.

9 फेब्रुवारी

जवायाच्या मायने अंगठा दिला नाही.

दिराने कोणाकडून तरी कागद टाइप करून आणला होता. ना हरकत म्हणून, पण आत हक्कसोडही घातलेली: 'माझा हिस्सा मी स्वखुशीने सोडत आहे.' त्याच्या मनात काळे नव्हते. त्याला वाटले कागद असाच असतो. आणि खरेच, तो असाच असतो. नोकरीत मी पाहिलेल्या अशा कागदांत हिस्सा नेहमी बाईच सोडायची आणि नेहमी स्वखुशीने.

शाईचा पॅड पुढे केला तेव्हा माय म्हणाली, "काहून?"

"बँकेला लागते."

"बँकेला लागते त मले सांगा ना का लिवलं आहे. पोरगा माजाच होता ना?"

मी कागद वाचून दाखवला. जशाचा तसा. मग चार हिस्से समजावले, पैशाचे, घराचे, जमिनीचेही. ती बराच वेळ बोटे मोजत होती. शेवटी म्हणाली, "कर्जाले द्या म्हंता त देते. बाकीचा माजा हिस्सा माज्या खात्यात टाका. श्रावणबाळचे येते त्याच्यात."

धाकटीचा चेहरा उतरला. दोन पोरे शिकणारी, कमावता माणूस गेलेला, आणि म्हातारीला पैसे कशाला, हे तिने तोंडाने म्हटले नाही. बहीण माझी आहे. पण सत्तरी उलटलेल्या बाईजवळ स्वतःचे म्हणावे असे श्रावणबाळच्या दीड हजारापलीकडे काही नाही, आणि पोरगाही आता नाही. हिस्सा घेऊन ती काय करील हा प्रश्न आपण मुलाला विचारत नाही. मी कागद फाडला आणि नवीन लिहिला, हक्कसोडीविना. त्यावर तिने अंगठा उठवला.

25 फेब्रुवारी

काल पीएम किसानचे दोन हजार आले. मयताला. भाचीने विचारले, ठेवायचे का? नाही. हे परत करायचे आणि सातबाऱ्यावर नाव चढले की धाकटीच्या नावे नवीन नोंदणी. या योजनेत 1 फेब्रुवारी 2019 नंतर जमीन मिळालेल्यांना लाभ नाही, पण वारसाने आलेल्या जमिनीला ती अट लागत नाही.

पासबुक चाळताना मागच्या मे महिन्यात 436 रुपये कापलेले दिसले. हा जीवनज्योती विम्याचा हप्ता. दोन लाखांचा विमा. जवाई सत्तेचाळीस वर्षांचे होते, म्हणजे वयात बसतात. नॉमिनी धाकटीच. इथे मात्र नियम उलटा: 2015 च्या दुरुस्तीपासून आयुर्विम्यात आईवडील, नवरा-बायको किंवा मुले नॉमिनी असतील तर पैसा त्यांचाच होतो. मी हे मायलाही सांगितले. ती म्हणाली, "तिचं तिले."

अशा 436 रुपयांच्या ओळी किती पासबुकांत न वाचता पडल्या असतील!

28 मार्च

पीककर्ज वळते झाले. तीन दिवस राखून. उरलेले 48 हजार चौघांत. भाच्याचा हिस्सा तो अठरा वर्षांचा होईपर्यंत ठेवीत. वकिलाने वारस प्रमाणपत्राचा खर्च सांगितला होता. कोर्ट फीच 75 हजारांपर्यंत जाऊ शकते, शिवाय वर्तमानपत्रात नोटीस. रक्कम लहान म्हणून बँकेने हमीपत्र आणि दोन जामिनांवर भागवले. जामिनांत एक मी.

6 मे

'जिवंत सातबारा' मोहीम चालू असल्याने पटवारी स्वतः गावात बसला आहे. सरकारने पदाचे नाव ग्राम महसूल अधिकारी केले, गावाने पटवारीच ठेवले. वारस नोंदवहीत नोंद, मग फेरफार, पंधरा दिवसांची नोटीस, मग मंडळ अधिकाऱ्याची सही. चारही नावे चढली. भाच्याच्या नावापुढे अ.पा.क. (अज्ञान पालनकर्ता) आई. इतर हक्कातला सोसायटीचा बोजा मात्र तसाच. कर्ज फिटले म्हणून बोजा आपोआप उतरत नाही, त्यासाठी बँकेचे पत्र न्यावे लागते. पत्र मागितले आहे.

19 जून

घरकर्ज विम्यातून फिटले. मूळ खरेदीखत परत मिळायला आता तीस दिवसांची मुदत आहे. डिसेंबर 2023 पासूनचा रिझर्व्ह बँकेचा नियम, उशीर झाला तर दिवसाला पाच हजार भरपाई. कर्जदार मयत असेल तर वारसांना कागद कसे द्यायचे हेही बँकेने ठरवून ठेवायचे असते. मी नियमाची प्रत अर्जाला जोडली. खरेदीखत बाराव्या दिवशी आले. जामीनदार पेढे घेऊन आला. या वेळी चप्पल घालताना काही विचारले नाही.

4 ऑक्टोबर

रिझर्व्ह बँकेचे 26 सप्टेंबरचे निर्देश वाचले. नॉमिनी नसलेल्या खात्यांत सहकारी बँकेत पाच लाख आणि इतर बँकांत पंधरा लाखांपर्यंत कोर्टाच्या प्रमाणपत्राशिवाय, सगळे कागद मिळाल्यापासून पंधरा दिवसांत निकाल. विलंब बँकेमुळे झाला तर व्याज भरायचे. बँकांना 31 मार्च 2026 पर्यंत वेळ आहे. आमचे काम आधीच झाले. पण गावात निदान तीन पेट्या अजून माळ्यावर आहेत, हे मला माहीत आहे.

3 नोव्हेंबर

परवापासून ठेवीला चार नॉमिनी देता येतात, प्रत्येकाचा टक्का लिहून. माय ऐकून होती. तिला नातवंडांची नावे घालायची आहेत: धाकटीची दोन, दिराचा एक, आणि वारलेल्या लेकीची मुलगी. "सगळ्यांले सारखं." पंचवीस-पंचवीस टक्के. तिला घेऊन शाखेत गेलो. तिथे अजून एकाच नावाचा जुना फॉर्म आहे. नवा आला की कळवतो म्हणाले. मायने खुर्ची ओढली आणि विचारले, कधी येईल ते लिहून द्या.