पैलवानाची खोली

मुलगा युनिव्हर्सिटीत गेला आणि वरची खोली रिकामी झाली. हीटिंगचं बिल तेवढंच यायचं. मिस्टर म्हणाले, एखादा पेइंग गेस्ट ठेवू. इथल्या रग्बी क्लबच्या ओळखीतून ऑगस्ट 2023 मध्ये एक मुलगा खोली बघायला आला. वय 24, वजन 118 किलो. दारातून आत येताना तो जरा तिरका झाला, तेव्हाच मला जिन्याची काळजी वाटली.

इथं इंग्लंडमध्ये तेव्हा रग्बी युनियनची वरची लीग होती प्रीमियरशिप, त्याखालची चॅम्पियनशिप. हा मुलगा चॅम्पियनशिपमध्ये प्रॉप म्हणून, म्हणजे पुढच्या फळीत, खेळायचा. मी कोल्हापूरची. रग्बी कळत नव्हतं, पण त्याचे दोन्ही कान फुटून कोबीच्या गड्ड्यासारखे झालेले बघितले आणि म्हटलं, हा तर आपल्या तालमीतला गडी! त्या दिवसापासून घरात तो 'पैलवान'.

पहिल्याच सकाळी त्यानं मला नावानं हाक मारली. इथली पद्धत तीच, मला माहीत आहे. तरी पोराच्या वयाच्या मुलानं अशी हाक मारली की कसंतरीच होतं. मिस्टरांनी त्याला बाजूला घेऊन 'काकू' म्हणायला शिकवलं. तो 'काकू'चा 'कॅकू' करायचा. चालवून घेतलं.

भाडं ठरलं महिना 450 पौंड, बिलं आणि रात्रीचं जेवण धरून. पहिली चूक ही. जेवण धरायला नको होतं. मला वाटलं, दोन माणसांचं करते तिथं तिघांचं करीन. पहिल्या रात्री त्यानं अकरा पोळ्या खाल्ल्या आणि डाळ बघून विचारलं, "यात चिकन कुठं आहे?" तीस अंड्यांचा ट्रे पाच दिवसांत संपायचा. दुसऱ्या महिन्यात बसून बोललो. भाडं 400 केलं आणि खुराक त्याचा त्यानं आणायचा असं ठरवलं. शनिवारच्या मॅचनंतर रविवारी मात्र माझ्याकडे मटण. ते मी आपण होऊन कबूल केलं होतं.

दुसरी चूक वॉशिंग मशीनची. एका सोमवारी मशीन पाणीच सोडेना. मेकॅनिकनं फिल्टर उघडला तर आत गवत, चिखल आणि मनगटाला बांधायच्या चिकटपट्टीचे बोळे. 90 पौंड गेले. नंतर नियम केला. चिखलाचे कपडे मागच्या अंगणात वाळत टाकायचे, चिखल कडक झाला की ब्रशनं झाडायचा, पट्ट्या सोलून काढायच्या, मगच मशीन. ओला चिखल धुवायला गेलं की कापडात आणखी मुरतो. कुणाकडे खेळाडू राहायला येणार असेल तर हे पहिल्या दिवशीच सांगा.

बाथरूममधल्या पेल्यात एकदा कवळी दिसली. मी दचकले. चोविसाव्या वर्षी कवळी? तो दात सांभाळायचा गार्ड निघाला.

पलंगाचंही सांगायला हवं. सप्टेंबरमध्ये एका रात्री धाडकन आवाज आला. खालच्या दोन पट्ट्या मोडल्या होत्या. मिस्टरांनी प्लायवूडचा जाड तुकडा कापून ठोकला. पैलवान ओशाळून उभा होता.

त्याच महिन्याच्या 28 तारखेला जर्सी रेड्स हा क्लब बंद पडल्याची बातमी आली. जर्सी बेटावरचा हा क्लब त्याच वर्षीच्या वसंतात चॅम्पियनशिप जिंकला होता. पहिला आलेला क्लब सहा महिन्यांत पैशावाचून बंद. पैलवान त्या रात्री जेवायला खाली आला नाही. बाराचे अकरा क्लब उरले, 22 ऐवजी 20 मॅच झाल्या. घरच्या मैदानावरची एक मॅच गेली म्हणजे तिकिटाचे आणि बारचे पैसेही गेले, हे त्यानं दुसऱ्या दिवशी सांगितलं.

तोवर मला वाटत होतं, प्रोफेशनल खेळाडू म्हणजे खोऱ्यानं पैसा. इथं तसं नाही. 2020 मध्ये इंग्लंडच्या रग्बी संघटनेनं या लीगला दिला जाणारा निधी जवळजवळ निम्मा केला. काही क्लब पूर्णवेळ, काही अर्धवेळ. आमचा गडी सकाळी एका शाळेत मुलांना खेळ शिकवायचा आणि संध्याकाळी सरावाला जायचा. क्लबचा करार एक वर्षाचा. त्यात वरच्या लीगमधले वूस्टर, वॉस्प्स आणि लंडन आयरिश हे तीन क्लब वर्षभरात बुडालेले. तिथली माणसंही कामाच्या शोधात होती. मग याला पगार वाढवून कोण देणार?

मिस्टरांना एक गोष्ट पचत नव्हती. 2022 मध्ये ईलिंग ट्रेलफाइंडर्स हा क्लब चॅम्पियनशिपमध्ये पहिला आला, पण मैदानात 10,001 माणसांची सोय नाही म्हणून त्याला वर घेतलं नाही. "मग खेळायचं कशासाठी?" त्यांनी विचारलं. पैलवान म्हणाला, "पुढच्या वर्षीच्या करारासाठी."

नोव्हेंबरमध्ये मी पहिल्यांदा मॅचला गेले. हजारभर माणसं असतील. लोखंडी कठड्यापाशी उभी राहिले, इतकी जवळ की खेळाडूंच्या अंगातून निघणारी वाफ दिसत होती. स्क्रमला दोन्हीकडचे आठ-आठ जण वाकतात. रेफरी 'क्राउच, बाइंड, सेट' म्हणतो आणि पुढच्या फळीतली डोकी एकमेकांच्या मानेखांद्यांत घुसतात. तो आवाज टीव्हीवर येत नाही. मागून पाच जणांचा रेटा, समोरून आठ जणांचा. मधे आमचा पैलवान. मी डोळे मिटून घेतले. शेजारच्या आजीबाईंनी मला त्यांच्या थर्मासमधला चहा दिला. मॅच हरलो, पण चार 'ट्राय' (चेंडू समोरच्यांच्या रेषेपार टेकवणं) केले म्हणून एक गुण मिळाला. हरून गुण मिळतो हे मला बरं वाटलं.

पेन्झन्सची मॅच म्हणजे दोन दिवसांचं काम. कॉर्निश पायरेट्सचं मैदान इंग्लंडच्या पार नैर्ऋत्य टोकाला. शुक्रवारी शाळेतून बिनपगारी सुट्टी घेऊन तो बसमध्ये बसला. मी थालीपीठं बांधून दिली. शनिवारी रात्री दोन वाजता घरी आला तेव्हा पाठ धरलेली, एक पाय ओढत जिना चढला.

जानेवारीत त्याच्या डोक्याला मार बसला. क्लबच्या डॉक्टरांनी तपासून घरी पाठवलं, हातात एक कागद देऊन. पहिली रात्र एकट्याला ठेवू नका. उलट्या, वाढती डोकेदुखी, शुद्ध हरपल्यासारखी झोप, बोलताना अडखळणं, असलं काही दिसलं तर थेट हॉस्पिटल. दारू नको, गाडी चालवायची नाही. कागद मी फ्रिजवर लावला. त्यानं मला तीनदा विचारलं, "मॅच कोण जिंकलं?" मी तीनदा सांगितलं. चौथ्यांदा विचारल्यावर क्लबच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी काही प्रश्न विचारले, हॉस्पिटलला न्यायला सांगितलं. तिथं सहा तास बसलो. तपासून घरी सोडलं. रात्रभर मी त्याच्या खोलीत खुर्ची टाकून बसले. पहाटे त्याच्या आईचा यॉर्कशरहून फोन आला. तिचं बोलणं मला निम्मंच कळलं, पण दोघीही रडलो.

पुढचे तीन आठवडे तो पडदे ओढून पडून असायचा. उजेड नको, आवाज नको. मी कुकर लावायचा थांबवला, शिट्टीनं तो कळवळायचा. शाळेत जाता येत नव्हतं आणि क्लबचे मॅचगणिक मिळणारे पैसेही बंद. फेब्रुवारीत क्लबचा पगार आठ दिवस उशिरा आला. खरं सांगते, त्या दिवसांत त्याच्या डोक्याआधी मला भाड्याची आठवण व्हायची. मग लाज वाटायची. शेवटी त्यालाच विचारलं. म्हणाला, अर्धं आता देतो, अर्धं पुढच्या महिन्यात. दिलंही. आधीच विचारलं असतं तर दोघांच्याही झोपा वाचल्या असत्या.

कागदपत्रांत आम्ही कच्चे निघालो. इंग्लंडमध्ये भाडेकरू ठेवताना त्याला इथं राहायचा हक्क आहे ना, हे घरमालकानं तपासायचं असतं. गोरा असो, इथं जन्मलेला असो, पासपोर्टसारखी कागदपत्रं बघायचीच. आम्ही चार महिन्यांनी बघितली. घराच्या विम्यालाही कळवलं नव्हतं. कर्ज असेल तर बँकेलाही विचारावं. एक गोष्ट बरी, राहत्या घरातली फर्निचरसकट खोली दिली तर वर्षाला 7,500 पौंडांपर्यंतच्या भाड्यावर कर नाही. आमचं त्यातच बसलं. करार मात्र एका पानाचा तरी लिहून घ्या. त्यात क्लबचा करार कोणत्या तारखेला संपतो तेही लिहा. खेळाडूचा हिशेब महिन्यांचा नसतो, हंगामाचा असतो.

मार्चमध्ये तो पुन्हा खेळायला लागला. पुढच्या वर्षीचं कुणी बोलत नव्हतं. रोज संध्याकाळी तो फोन उपडा ठेवून जेवायचा. एप्रिलमध्ये एका मीटिंगहून आला आणि म्हणाला, "कॅकू, नाही." मी भाकरी थापत होते. तिसरी भाकरी तव्यावर करपली.

त्या हंगामात पुन्हा ईलिंगच पहिला आला आणि पुन्हा वर गेला नाही. जूनमध्ये पैलवान गेला, एका खालच्या लीगच्या क्लबकडे, यॉर्कशरला, आईजवळ. जाताना तिखटाचा डबा मागून घेतला.

आता खोलीत नांदेडची एक विद्यार्थिनी राहते. वजन असेल 45 किलो. पासपोर्ट पहिल्याच दिवशी बघितला. तिची एकच तक्रार आहे, पलंग फार कडक आहे. प्लायवूड अजून काढलेलं नाही.