तिसरी सही

गेल्या महिन्यात, ऑक्टोबरच्या मध्यास, आमच्या परिचयाचे एक शाळामास्तर आपल्या कन्येस घेऊन आमच्याकडे आले. मुलगी आमच्याच महाविद्यालयात बारावीस आहे, आणि बुद्धीने तल्लख आहे. अमेरिकेतील एका महाविद्यालयात ‘अर्ली डिसिजन’ पद्धतीने अर्ज करण्याचा तिचा मानस होता. त्या करारपत्रावर तीन सह्या लागतात: विद्यार्थ्याची, पालकाची व मार्गदर्शकाची. तिसरी सही आमच्याकडे मागितली होती.

ही रीत थोडक्यात अशी. अर्ज बहुधा नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात करावयाचा; निकाल डिसेंबरच्या मध्यास. असा अर्ज एकाच ठिकाणी करता येतो, आणि प्रवेश मिळाल्यास तेथेच जाऊन इतर अर्ज मागे घेण्याचे वचन आधीच द्यावयाचे. इतर विद्यार्थी १ मेपर्यंत चार ठिकाणची पत्रे शेजारी मांडून कोण किती साहाय्य देतो हे ताडून पाहतात. वचनबद्धापुढे मात्र एकच पत्र व एकच आकडा! अंथरूण पाहून पाय पसरावे, ही आपली जुनी शिकवण. येथे पाय आधी पसरावयाचे, आणि अंथरूण मागाहून पाहावयाचे.

श्रीमंताला या वचनाचे ओझे नाही. ते पडते गरजूवर. प्रिन्स्टनने २००६ साली ही पद्धत सोडण्याचे ठरविले, ते सुस्थितीतील मुलांनाच तिचा लाभ अधिक होतो म्हणून. २०११ साली तेथे लवकर अर्जाची सोय पुन्हा झाली, पण वचनाचे बंधन वगळून.

मग गरजूने या वाटेस जाऊच नये काय? असेही आम्हांस म्हणवत नाही. अनेक ठिकाणी या वाटेने प्रवेशाची शक्यता अधिक असते. शिवाय मिळालेले साहाय्य अपुरे पडून शिक्षण अशक्य होत असेल, तर वचनातून मोकळे होता येते. परंतु अपुरे म्हणजे किती? हे आधी ठरले नसेल, तर ती सवलत कागदावरच राहते. प्रवेशाचे पत्र आले, पेढे वाटून झाले, की मग कोणता बाप ‘नाही’ म्हणेल?

म्हणून आम्ही विचारले, “मास्तर, वर्षाला आपण किती देऊ शकाल?”

“होईल कसेही, प्रोफेसरसाहेब.”

“‘कसेही’ हा आकडा नव्हे, मास्तर. कागदावर लिहा.”

त्यांनी पुष्कळ वेळ विचार करून एक आकडा लिहिला. मुलीने तो पाहिला व हलकेच विचारले, “बाबा, यात घरावरचे कर्ज धरले आहे ना?” मास्तर बोलले नाहीत. तिने तो आकडा खोडला, खाली निम्म्याहून लहान आकडा लिहिला आणि म्हणाली, “सर, याहून अधिक लागले, तर मी जाणार नाही.”

मास्तर खिडकीबाहेर पाहत राहिले. काही वेळाने त्यांनी मान हलविली. तेव्हाच आम्ही लेखणी उचलली.

तो कागद आमच्या टेबलाच्या खणात आहे. निकाल यावयाचा आहे. तो अनुकूल आला, तर पेढ्यांच्या आधी हा कागद बाहेर काढावयाचा, असे आम्हां तिघांचे ठरले आहे.