गोंदाचा एक थेंब कमी

प्लास्टिकच्या विमानाचा पंखा फिरता राहायला हवा असला, तर एक पथ्य पाळावं लागे: गोंद बेतानं लावायचा. मॉडेलचा तो उग्र वासाचा गोंद खरं तर चिकटवत नाही. तो पॉलिस्टायरीनच्या दोन्ही कडा विरघळवतो आणि वाळताना त्या एकजीव होतात. पंख्याच्या आसावर थेंबभर जास्त पडला, की पंखा कायमचा जाम. शेवटी पोरगं धाकधुकीनं टिचकी मारायचं, तेव्हाच निकाल लागायचा.

ब्रिटनमध्ये हा नाद घरोघरी पोचवला एअरफिक्सनं. निकोलस कोव्ह या हंगेरीहून आलेल्या गृहस्थानं 1939 मध्ये काढलेली ही कंपनी आधी हवा भरायची रबरी खेळणी करायची, मग कंगवे. 1952 मध्ये ‘गोल्डन हाइंड’ हे जहाज प्लास्टिकच्या पिशवीत, सुट्या भागांच्या रूपात, दोन शिलिंगांना वूलवर्थच्या दुकानांत आलं. मागोमाग स्पिटफायर विमान आलं. विमानांचं प्रमाण ठरलं 1/72, म्हणजे सहा फुटांचा वैमानिक बरोबर एक इंच.

हलत्या भागांची खरी चैन मात्र अमेरिकेतल्या मोनोग्राम कंपनीच्या 1/48 संचांत होती. त्यांच्या डॉन्टलेस बॉम्बफेक्याची चाकं आत जायची, पंखांमागच्या भोकाभोकांच्या झडपा उघडायच्या आणि पोटाखालचा बॉम्ब सुटायचा.

गंमत म्हणून केलेल्या या करामती नव्हत्या. खरं डॉन्टलेस सत्तर अंशांच्या आसपास नाक खाली करून सूर मारायचं. त्या झडपा म्हणजे हवेतला ब्रेक. इतक्या उभ्या सुरात पोटाखालून नुसता सोडलेला बॉम्ब स्वतःच्याच पंख्यावर आदळला असता. म्हणून एक दुबेळकं त्याला झुलवत पंख्याच्या फेऱ्याबाहेर नेई. 4 जून 1942 रोजी पॅसिफिकमधल्या मिडवे बेटांजवळ याच विमानांनी काही मिनिटांत तीन जपानी विमानवाहू जहाजं पेटवली. ते दुबेळकं कशासाठी, हे मॉडेल हातात धरून नाक खाली केलं की न सांगता कळायचं.

पंख दुमडणाऱ्या अ‍ॅव्हेंजरचंही तसंच. जहाजावर जागा कमी, म्हणून पंख पिळून धडाशी समांतर मागे घ्यायचे, पक्षी मिटतो तसे. बिजागरी नेमकी कोणत्या कोनात बसवायची, हे ती विमानं बनवणाऱ्या कंपनीचे लेरॉय ग्रमन यांनी शोधलं ते खोडरबरात कागदाच्या क्लिपा खोचून. त्या खटाटोपामुळे ग्रमनच्याच वाइल्डकॅट विमानाची 38 फुटांची रुंदी 14 फुटांच्या आसपास आली. म्हणजे पोरांच्या हातातलं खेळणं हे एका खेळण्यावरूनच घडलेल्या विमानाचं खेळणं होतं. आपल्या जुन्या ‘विक्रांत’वरच्या सी हॉक आणि अलिझे विमानांचे पंखही दुमडत, पण ते वर उचलून, ग्रमनच्या तऱ्हेनं नव्हे. गोव्यातल्या नौदलाच्या विमान संग्रहालयात ही विमानं पाहायला मिळतात.

वाइल्डकॅटच्या वैमानिकाला उड्डाणानंतर हातानं दांडा सुमारे तीस वेळा फिरवून चाकं आत घ्यावी लागत, आणि तेवढा वेळ विमान डुलत जाई. मॉडेलमध्ये ते काम एका नखाचं!

एअरफिक्सनं 1970 मध्ये 1/24 प्रमाणातलं स्पिटफायर काढलं. पंखांची लांबी दीड फूट, आणि नाकात छोटी विजेची मोटर बसवायची सोय.

मग चव बदलली. बिजागरीपाशी फट राहणारच, आणि एवढी फट खऱ्या विमानात नसते. जुन्या संचांवरचे रिव्हेट उठावदार असत; त्यांतला अर्ध्या मिलिमीटरचा एखादा 48 पटीनं वाढवला, तर 24 मिलिमीटरचा होतो, म्हणजे जवळपास नाण्याएवढा! जाणकारांना बारीक कोरलेल्या रेषा आणि कॉकपिटमधल्या तबकड्या हव्या होत्या. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. विमानं देखणी होत गेली, आणि काचेच्या कपाटात जाऊन बसली. जुनी विमानं दिसायला चुकीची होती, पण वागायला बरोबर. फक्त ती टिकायची नाहीत. चाकाचा पाय मोडायचा, झडप हरवायची, कारण ती रोज उडवली जायची.

पोलादी साचे मात्र पोरांपेक्षा चिवट. 1986 मध्ये मोनोग्राम आणि रेव्हेल या दोन कंपन्या एका छताखाली आल्या, आणि तेच डॉन्टलेस नव्या खोक्यात पुन्हा दुकानात आलं. ते घेणारे बहुतेक पिकल्या केसांचे. अनुभवी मित्र सल्ला देतात: हलते भाग चिकटवून टाक, फटी लांबीनं बुजव, मग रंग छान बसेल. चष्मा कपाळावर सरकवून साठीतला कुणी ते ऐकून घेतो, मान डोलावतो, आणि काडीच्या टोकानं आसाजवळ गोंद लावताना हात आखडता घेतो. दुसऱ्या दिवशी टिचकी. पंखा फिरतो. मग तो विमान उचलतो, नाक खाली करतो आणि बॉम्ब सोडतो. तो टेबलावरून घरंगळत खाली कुठेतरी जातो. आता गुडघ्यांवर बसून शोधायला हवा, आणि या खेपेला गुडघे वेळ लावतात.