कोसबाडला शिकलेले पुढे काय करतात

डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या ग्राम बाल शिक्षा केंद्रातून शिकून बाहेर पडणारे दोन प्रकारचे. आसपासच्या पाड्यांवरून येणारी, बहुतांशी वारली आदिवासी मुले हा पहिला प्रकार, आणि बालवाडी कशी चालवावी हे शिकायला आलेल्या बाया हा दुसरा. केंद्र निघाले मुलांसाठी, पण त्याचे काम डहाणू तालुक्याबाहेर नेले ते मुख्यतः या बायांनी. एखाद्या शाळेने काय घडवले असे विचारले की कोण डॉक्टर झाला, कोण साहेब झाला याची यादी पुढे केली जाते. कोसबाडचे काम त्या यादीत मावणारे नाही.

गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन केला. १९३६ मध्ये ताराबाईंनी दादरला शिशुविहार सुरू केले. तिथली मुले पांढरपेशा घरांतली होती आणि मॉन्टेसरी पद्धतीची साधने महागडी. हे शिक्षण खेड्यात, गरिबाच्या दारात नेता येते का, हे पाहण्यासाठी १९४५ च्या अखेरीस बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झाले आणि ताराबाईंच्या सहकारी अनुताई वाघ त्यात पहिल्यापासून उभ्या राहिल्या. बोर्डीत आचार्य भिसे यांच्यासारख्या माणसांनी शिक्षणाची आणि आदिवासी सेवेची जमीन आधीच तयार केली होती. १९५७ मध्ये केंद्र कोसबाडच्या टेकडीवर आले.

१९४५ हे साल या भागात आणखी एका कारणाने लक्षात ठेवावे लागते. त्याच वर्षी तलासरीकडच्या झरी गावातून गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांचा लढा उभा राहिला. लग्नासाठी सावकाराकडून थोडे पैसे उचलायचे आणि त्यापायी नवराबायकोने वर्षानुवर्षे त्याच्याकडे राबायचे, अशा माणसाला लग्नगडी म्हणत. वेठ आणि लग्नगडी यांविरुद्ध हा लढा होता. केंद्रात आलेल्या पहिल्या मुलांचे आईबाप याच पिढीतले. शिकून पुढे काय करायचे हा प्रश्न अशा घरात पदवीपासून सुरूच होत नाही. कागदावर काय लिहिले आहे ते वाचता यावे, हिशेब आपला आपल्याला कळावा, कचेरीत उभे राहून बोलता यावे, हीच तिथली पहिली मजल.

मुले शाळेकडे येत नाहीत हे बोर्डीतच कळून चुकले होते. गावातल्या मध्यवर्ती बालवाडीपर्यंत वस्त्यांवरची पोरे पोचत नसत. तेव्हा शिक्षिकाच वस्तीवर जाऊ लागल्या आणि कुणाच्या तरी अंगणात वर्ग भरू लागला. ही अंगणवाडी. दिवसाची सुरुवात अक्षरांनी होत नसे. बाई पाड्यावर फिरून पोरे गोळा करी, त्यांचे हातपाय धुई, नखे कापी, केस विंचरी. खरूज असेल तर औषध लावी. मग गाणी, गोष्टी, खेळ. मोजायला शंखशिंपले, चिंचोके, दगडगोटे, लहानमोठे ओळखायला पाने आणि बांबूचे तुकडे, हात वळवायला माती. दादरच्या शिशुविहारात कपाटात ठेवलेल्या लाकडी साधनांतून मूल जे शिके, तेच इथे समुद्रकाठच्या आणि रानातल्या वस्तूंतून शिकू लागले. मॉन्टेसरी पद्धतीला दिलेले हे देशी रूप ताराबाईंच्या सगळ्या कामातले सर्वांत मोलाचे मानावे लागेल, कारण त्यामुळे बालशिक्षण पैशावाचून अडत नाही हे सिद्ध झाले.

थोड्या मोठ्या मुलांची अडचण वेगळी होती. सात-आठ वर्षांचा मुलगा गुरे राखायला जाई आणि धाकट्या भावंडाला काखेत घेतलेली मुलगी शाळेच्या दारातून परत फिरे. गुराख्यांसाठी कुरणशाळा निघाली: गुरे जिथे चरतात तिथेच शिक्षकाने जायचे, एक डोळा गुरांवर ठेवूनच मुलांनी शिकायचे. मुलींसाठी उपाय निघाला विकासवाडीचा. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात ठेवल्यावर तान्हे पाळणाघरात, मधले बालवाडीत आणि ताई पहिलीच्या वर्गात बसू शकली. मूल शाळेत का येत नाही याचे खापर पालकांच्या अज्ञानावर न फोडता शाळेचीच मांडणी बदलायची, हा विचार त्या काळात फार पुढचा होता. आजही तो पुरता रुजलेला नाही.

या शाळांतून निघालेली मुले पुढे कुठे जातात हे या मुलखाच्या अर्थकारणावरून ठरते. चौथी-सातवीनंतर काही जण जिल्हा परिषदेच्या मोठ्या शाळेत, काही आश्रमशाळेत, काही बोर्डीच्या किंवा डहाणूच्या हायस्कुलात जातात. तलासरीत आदिवासी प्रगती मंडळाच्या शिक्षणसंस्था आहेत, तिथे आता महाविद्यालयापर्यंतची सोय आहे. कोसबाडलाच गोखले एज्युकेशन सोसायटीची कृषी संस्था आणि कृषी विज्ञान केंद्र आहे. चिकूची कलमे, भाजीपाला, फुलशेती यांचे शिक्षण तिथे मिळते आणि घरची थोडी जमीन असलेल्या तरुणाला ते लगेच उपयोगी पडते.

नोकरीचे क्षेत्र अरुंद आहे. जून १९९१ मध्ये केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवला आणि मोठ्या, प्रदूषणकारी उद्योगांना इथे मज्जाव झाला. जंगल आणि वाड्या राहिल्या हे त्याचे मोठे फळ. पण कारखान्यातले काम हवे असेल तर बोईसर-तारापूर, नाहीतर सीमेपलीकडे उंबरगाव-वापी गाठावे लागते. एप्रिल २०१३ पासून विरारची लोकल डहाणूपर्यंत धावू लागली, तेव्हा मुंबईची वाट थोडी सोपी झाली. शिकलेल्यांतले काही शिक्षक, वनरक्षक, पोलीस, ग्रामसेवक होतात, मुली परिचारिका, आशा किंवा अंगणवाडी सेविका. ज्यांचे शिक्षण मध्येच सुटते ते चिकूच्या वाडीत मजुरी करतात, भातकापणी झाली की वसई-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर जातात किंवा गुजरातच्या बंदरांत बोटीवर खलाशी होतात. बालवाडीत हसतखेळत बसलेले मूल दिवाळीनंतर आईबापांबरोबर भट्टीवर गेले की त्याची शाळा पावसाळ्यापर्यंत तुटते. ही गळती सर्वांत जास्त नुकसान करते, आणि बालवाडी कितीही चांगली असली तरी ती एकटी हे थांबवू शकत नाही.

एका लहान समाजासाठी काढलेली शाळा पुढे काय देते, याचे दुसरे उदाहरण मुंबईत आहे आणि कोसबाडशी ते ताडून पाहण्याजोगे आहे. कोकण किनाऱ्यावरून मुंबईत आलेल्या बेने इस्रायल ज्यूंसाठी हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी १८७५ मध्ये इस्रायली शाळा सुरू केली. पुढे सर एली कदूरी यांच्या देणगीमुळे तिला त्यांचे नाव मिळाले आणि १९२२ पासून जवळजवळ तीन दशके रिबेका रूबेन तिच्या मुख्याध्यापिका होत्या. हिब्रू आणि धर्माबरोबर तिथे मराठी-इंग्रजीचे शिक्षण मिळे. त्या समाजातली माणसे आधीपासूनच पलटणीत आणि सरकारी कचेऱ्यांत होती, त्यामुळे शिकलेल्या मुलांपुढे रेल्वे, टपाल, शिक्षकी पेशा, वैद्यक अशा वाटा तयार होत्या. १९४८ नंतर समाजातले बहुसंख्य लोक इस्रायलला गेले. माझगावमधली ही शाळा मात्र चालू राहिली, तिच्या बाकांवर आता मुख्यतः इतर धर्मांची मुले बसतात. तिथे शाळेने विद्यार्थ्याला आधीच उघड्या असलेल्या दारापर्यंत नेले. वारली मुलापुढे असे दार नव्हते, त्यामुळे दोन्ही शाळांना एकच माप लावणे अन्यायाचे होईल.

कोसबाडच्या दुसऱ्या प्रकारच्या विद्यार्थिनी, म्हणजे प्रशिक्षण घेतलेल्या बाया, यांची गोष्ट निराळी आहे. बालवाडीत काम करता करताच शिकायचे ही इथली रीत. साधने दुकानातून न आणता स्वतः बनवायची, पाड्यावर जायचे, आयांशी बोलायचे, मुलाच्या घरच्या बोलीला नावे न ठेवता तिच्यातूनच मराठीकडे यायचे. अशी बाई परत आपल्या गावी गेली की ओसरीवरही बालवाडी चालवू शके, तिला इमारतीची वाट पाहावी लागत नसे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू केली, तेव्हा देशभरच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. ताराबाई त्याआधी दोन वर्षे, १९७३ मध्ये, वारल्या होत्या. अनुताईंनी ते पाहिले. १९८२ मध्ये त्यांनी रमेश पानसे यांच्यासह ग्राममंगल ही संस्था काढली आणि दाभोण, ऐने या डहाणू तालुक्यातल्या गावांत बालशिक्षणाचे काम पुढे नेले. अनुताईंचे निधन १९९२ मध्ये झाले.

सरकारी योजनेत नाव आले, पण पद्धत पूर्णपणे आली नाही. आहारवाटप, वजने, लसीकरण, नोंदवह्या आणि आता मोबाइलमधली माहिती यांत सेविकेचा दिवस जातो. गाणे-गोष्टीला आणि मातीकामाला उरतो तो थोडा वेळ. आदिवासी भागात ३०० ते ८०० लोकसंख्येमागे एक अंगणवाडी आणि १५० ते ३०० लोकसंख्येला मिनी अंगणवाडी असा निकष आहे. विखुरलेल्या पाड्यांना तो सोयीचा असला तरी मिनी अंगणवाडीत मदतनीस नसे आणि एकटीलाच सगळे ओढावे लागे. सेविकेला पगार मिळत नाही, मानधन मिळते. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांना उपदानाचा (ग्रॅच्युइटीचा) कायदा लागू होतो असा निर्णय दिला, तेव्हा हे काम निव्वळ हौसेचे नाही हे न्यायालयात मान्य झाले. पाड्यावरच्या मुलीच्या दृष्टीने मात्र हे काम पूर्वीपासूनच मोठे आहे. गाव न सोडता मिळणारी ती कमाई आहे, आणि ग्रामपंचायतींत स्त्रियांना राखीव जागा आल्यावर बैठकीत बोलण्याची सवय असलेल्या या बायांना पुढे येणे तुलनेने सोपे गेले.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ हा वयोगट एकत्र धरला: बालवाडीची तीन वर्षे आणि पहिली-दुसरी मिळून एकच पायाभूत टप्पा. विकासवाडीने हेच टप्पे एका आवारात आणले होते आणि त्यात तान्ह्या मुलांचीही सोय होती. बारावी झालेल्या अंगणवाडी सेविकेला सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आणि कमी शिकलेलीला एक वर्षाची पदविका द्यावी, असे त्या धोरणात म्हटले आहे. त्यातला बराचसा भाग मोबाइल-टीव्हीवरून शिकवायचा असून महिन्यातून किमान एकदा प्रत्यक्ष वर्ग घ्यायचा आहे. डहाणू-तलासरीतल्या सेविकांसाठी हे प्रत्यक्ष वर्ग कोसबाडच्या रीतीप्रमाणे चालत्या बालवाडीतच भरवायला हवेत.