एकदा वापरलेल्या पाण्याची बाग

होळी झाली की आमच्याकडे ऊन एकदम कडक होतं. मराठवाड्यातलं आमचं गाव. नळाला पाणी पाच दिवसांआड. घरामागे छोटं परसू आहे. त्यात एक डाळिंब, एक सीताफळ, शेवगा, दोन मोगरे, एक गावठी गुलाब, मागच्या वर्षी लावलेलं लिंबाचं कलम आणि उरलेल्या जागेत भाजीचे वाफे. दरवर्षी मार्च उजाडला की घरात एकच प्रश्न असतो : यांपैकी कोणाला उन्हाळा पार करून न्यायचा?

शेजारच्या भाभींकडे हौद नाही. पाणी संपलं की त्या दोन घागरी आमच्याकडून नेतात. एकदा घागर भरता भरता म्हणाल्या, "बाजी, लोगां कू पीने कू नै, और तुम्हारा मोगरा फुला है." बोलण्यात टोमणा नव्हता, पण प्रश्न खरा होता. माणसं तहानलेली असताना फुलांना पाणी घालण्याचा हक्क आपल्याला आहे का?

याचं उत्तर आमच्या घरात अम्मीने फार पूर्वीच देऊन ठेवलंय. मार्च ते मृग, बागेला ताजं पाणी नाही. हौदातल्या पाण्यावर पहिला हक्क माणसांचा, मग दारातल्या भांड्यावर येणाऱ्या पाखरांचा आणि मांजरांचा. झाडांनी एकदा वापरलेल्या पाण्यावर जगायचं.

हे पाणी वाटतं त्यापेक्षा बरंच असतं. नळ सोडून वुजू केला तर किती पाणी वाहून जातं याचा पत्ता लागत नाही. बधन्याने, म्हणजे टोटीच्या लोट्याने केला तर लिटरभरात होतो. हजरत पैगंबर (स.) एका मुद्द पाण्यात वुजू करत, असं हदीसमध्ये आहे, मुद्द म्हणजे साधारण पाऊण लिटर. आम्ही घरात चौघं. पाच वेळचा हिशेब धरला तर दिवसाला वीस लिटर. हनफी फिकहप्रमाणे वापरलेल्या पाण्याने पुन्हा वुजू होत नाही, पण ते पाकच असतं. झाडाला आणखी काय हवं? त्यात तांदूळ, डाळ, भाजी धुतलेलं पाणी येऊन मिळतं. साबणाचं मात्र आम्ही घालत नाही.

तरी वीस-तीस लिटरमध्ये सगळे जगत नाहीत. मेथी, पालक, कोथिंबीर यांना ऊन लागलं की तुरे येतात, त्यांना आधी निरोप. गवार आणि भेंडीची एकेक ओळ राहते. सीताफळ पानं गाळून झोपी जातं, त्याला फारसं लागत नाही. शेवग्याची मुळं खोल गेलेली. खरी काळजी लिंबाच्या कलमाची, कारण त्याचा हा दुसराच उन्हाळा. त्याच्या शेजारी कुंभाराकडचा नवा मटका गळ्यापर्यंत पुरलाय. माती कोरडी पडेल तसं पाणी हळूहळू झिरपतं. जुना माठ यासाठी चालत नाही. त्याची छिद्रं क्षारांनी बुजलेली असतात. बुंध्याभोवती कडुनिंबाच्या गळलेल्या पानांचा जाड थर टाकलाय. पाणी मगरिबनंतरच, म्हणजे ते उन्हाच्या तोंडी जात नाही.

मोगऱ्यावर मात्र दरवर्षी वाद होतो. मुलगी म्हणते, ठेवायचा. मी म्हणते, भेंडी तरी ताटात येते. अम्मीचं म्हणणं वेगळंच : "लगाए सो झाड घर का आदमी हुआ." ज्याला आपण लावलं, त्याचा आपल्यावर हक्क आहे, तो काय देतो हा प्रश्न नंतरचा. मोगरा असाही उन्हाचाच सोबती, एका बधन्यात भागवून घेतो.

मी शाळेत उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते. गुलाब हा शब्द दोन्हींकडे आहे. फारसीत गुल म्हणजे फूल, आब म्हणजे पाणी. मुलांना हे सांगितलं की ती हसतात, कारण फुलाच्या नावातच पाणी निघतं. कलम तर त्याहून गमतीचं : लिहायचंही तेच आणि लावायचंही तेच.

डाळिंबाच्या लाल फुलांवर शिंजीर येतो, फळ पिकलं की बुलबुल आधी चोच मारतो. लावलेल्या झाडाचं माणसाने, पाखराने किंवा जनावराने खाल्लं तर लावणाऱ्याच्या नावे सदका लिहिला जातो, ही हदीस अम्मीला पाठ आहे. म्हणून आमच्याकडे फळांना पिशव्या बांधत नाहीत.

भाभींना मी हा सगळा हिशेब दाखवला. आता त्यांच्याकडचं तांदळाचं पाणी आमच्या शेवग्याला येतं आणि शेंगा भिंतीपलीकडे जातात. वाफे सध्या रिकामे आहेत. मृग लागायला अजून बराच अवकाश आहे. लिंबाने परवा चार कोवळी पानं काढली आहेत.