हाय म्हणजे हो नव्हे

आपल्या ग्रुपवर सगळे गावाच्या, वाड्याच्या, शाळेच्या आठवणी लिहितात. माझी आठवण जरा वेगळ्या वाटेची आहे. थोडी लांबली आहे, सांभाळून घ्या.

आमचं मूळ गाव सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात. दुष्काळाने हैराण होऊन आबा १९८० साली सिल्व्हासाला आले. तेव्हा इथे एकेक कारखाना उभा राहत होता आणि हाताला काम मिळत होतं. सायलीत दोन खोल्या भाड्याने घेतल्या, पुढे तिथेच छोटं घर बांधलं. मी शिकलो इथल्याच मराठी शाळेत. गुरुजी आम्हाला १९५४ च्या मुक्तिसंग्रामाची गोष्ट सांगायचे. सुधीर फडके त्यात होते हे ऐकून आमचा ऊर भरून यायचा. बाकी गल्लीत गुजराती, कारखान्यात हिंदी, आजूबाजूच्या पाड्यांवर वारली आणि घरात माणदेशी मराठी. एका दिवसात चार भाषा कानावर पडायच्या. पाचवी जपानी असेल, हे मात्र स्वप्नातही नव्हतं.

१९९५ मध्ये पदवी झाली आणि मी औरंगाबादला मामाकडे राहून पर्यटनाचा कोर्स केला. एक परदेशी भाषा घ्यावी लागत होती. फ्रेंचचा वर्ग भरला होता, म्हणून जपानीत बसलो. शिकवायला पुण्यात शिकलेल्या एक बाई होत्या. पहिल्याच तासाला त्यांनी फळ्यावर लिहिलं: आ, इ, उ, ए, ओ. मग का, कि, कु, के, को. मग सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो. ही तर आपलीच बाराखडी! बाई हसल्या आणि म्हणाल्या, "असणारच. बौद्ध भिक्षूंबरोबर संस्कृतचा अभ्यास तिकडे गेला, त्यावरून हा क्रम बसला." हिरागाना लिपीची ती ४६ अक्षरं मी दहा दिवसांत पाठ केली.

खरं सांगतो, मराठी माणसाला सुरुवातीची जपानी सोपी जाते. वाक्यात क्रियापद आपल्यासारखंच शेवटी. 'ला', 'ने', 'चा' लावतो तसे त्यांचेही शब्दाला मागून चिकटणारे प्रत्यय. वर्गातल्या हिंदी भाषक मुलांची 'त्सु' म्हणताना जीभ अडखळायची. बाई आम्हाला म्हणायच्या, "चुलीतला चू म्हणा." झालं काम! माणसं मोजायची तर आपण दोन माणसं न म्हणता दोघं, तिघं, चौघं म्हणतो, तसंच त्यांचं हितोरी, फुतारी. लांब वस्तू मोजायला वेगळे शब्द, कागदासारख्या चपट्या वस्तूंना आणखी वेगळे. आदराचं प्रकरण तर आपल्या तू, तुम्ही, आपणच्याही पुढचं. नावापुढे 'सान' लावायचं, पण स्वतःच्या नावापुढे कधीच नाही. पहिल्या परीक्षेत मी ऐटीत स्वतःलाच 'सान' लावून ओळख करून दिली होती. म्हणजे आपणच आपल्याला 'रावसाहेब' म्हणवून घेण्यातला प्रकार. बाईंनी अर्धा मार्क कापला आणि वर्गाने महिनाभर मला रावसाहेब म्हणून हाक मारली.

भाषेबरोबर रीतही शिकवायच्या. कार्ड दोन्ही हातांनी द्यायचं आणि घ्यायचं, घेतल्यावर न वाचता खिशात कोंबायचं नाही. कमरेतून किती वाकायचं, कुठे थांबायचं. जेवणाआधी 'इतादाकिमासु' म्हणायचं. घरात शिरताना चपला बाहेर, हे मात्र आम्हाला शिकवावं लागलं नाही. तिकडची बेन्झाइतेन म्हणजे आपली सरस्वती, हे ऐकल्यावर तर मला ती भाषा परकी वाटेनाशीच झाली.

आणि बाईंनी एक गोष्ट पुन्हापुन्हा बजावली होती. "जपानी माणूस बोलताना मध्येमध्ये 'हाय' म्हणतो. त्याचा अर्थ दर वेळी हो असा नसतो. पुष्कळदा तो फक्त 'ऐकतोय' असा असतो. तुम्ही मात्र समजल्याशिवाय हाय म्हणू नका." आम्ही सगळ्यांनी एका सुरात म्हटलं, "हाय!"

कोर्स संपल्यावर एका प्रवासी कंपनीत मदतनीस म्हणून लागलो. थंडीत जपानी पाहुण्यांचे गट यायचे ते मुख्यतः अजिंठ्यासाठी. त्यामागचं कारण मला बाईंनी सांगितलं होतं. नारा इथल्या होर्युजी मंदिरात जुनी भित्तिचित्रं होती. त्यातल्या बोधिसत्त्वाची अजिंठ्याच्या एक नंबरच्या लेण्यातल्या पद्मपाणीशी लोक तुलना करतात. २६ जानेवारी १९४९ ला आग लागली आणि ती चित्रं करपून गेली. आपण ज्या दिवशी झेंडावंदन करतो, त्याच तारखेला जपानात जुन्या वास्तूंना आगीपासून जपण्याचा दिवस पाळतात. आराई काम्पो नावाचे एक चित्रकार १९१७-१८ च्या सुमारास अजिंठ्यात राहून चित्रांच्या नकला करून गेले होते. पुढे म्हातारपणी तेच होर्युजीच्या चित्रांच्या नकला करायला बसले. दोन्हीकडच्या भिंती एकाच हाताने उतरवल्या. हे सगळं मी जपानीत पाठ केलं होतं. घडाघडा म्हणून दाखवायचो. पाहुणे टाळ्या वाजवायचे आणि त्यांना वाटायचं, या पोराला काय सुरेख जपानी येतं! मलाही तसंच वाटायला लागलं होतं.

१९९७ चा डिसेंबर. अठरा जणांचा गट होता. त्यात सत्तरीच्या पुढचे एक आजोबा, काठी टेकत चालणारे. लेण्यांच्या पायथ्याशी डोलीवाले उभे असतात, ते त्यांच्याभोवती जमले. आजोबांनी डोलीकडे बोट केलं, मग वर लेण्यांकडे, आणि मला काहीतरी विचारलं. वाक्य लांब होतं. 'आशि' म्हणजे पाय, एवढा एक शब्द माझ्या हाती लागला. मुख्य गाइड पुढे गेले होते, बाकीचे पाहुणे बघत होते. आत्ताच मी पाच मिनिटं फाडफाड बोललो होतो. आता समजलं नाही म्हणायचं कसं? मी हसलो, वाकलो आणि म्हणालो, "हाय, हाय."

आजोबांनी मान डोलावली आणि डोलीवाल्यांना हात जोडून परत पाठवलं.

त्यांनी विचारलं होतं, पुढे गेल्यावर मध्येच कुठे डोली मिळेल का? जमेल तेवढं स्वतः चालावं आणि पाय दुखायला लागले की बसावं, असा त्यांचा बेत होता. मी हो म्हणून बसलो होतो. डोल्या होत्या त्या खाली.

सतराव्या लेण्याजवळ त्यांचा गुडघा धरला. पायरीवरच बसले, चेहरा पांढराफटक. माझ्याकडे बघून त्यांनी डोलीच्या दांड्याची खूण केली, तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी खाली धावत सुटलो. डोलीवाले दुसऱ्या पाहुण्यांना घेऊन गेलेले. अर्ध्या तासाने एक डोली मिळाली. तोवर गट सव्वीस नंबरचं लेणं पाहून परतसुद्धा आला होता. संध्याकाळचं विमान होतं, औरंगाबाद शंभर किलोमीटर. थांबणं शक्यच नव्हतं. आजोबांना डोलीतून वर न नेता सरळ खाली आणलं.

त्या सव्वीस नंबरच्या लेण्यात महापरिनिर्वाणाची मूर्ती आहे. सुमारे सात मीटर लांब, उजव्या कुशीवर निजलेले बुद्ध आणि खाली शोक करणारे शिष्य. आजोबा तेवढ्यासाठी आले होते, असं गटाच्या प्रमुख बाईंनी मला इंग्रजीत सांगितलं. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं वाटलं असतं.

बसमध्ये मी आजोबांसमोर उभा राहून 'सुमिमासेन' म्हणालो. पुढचं काय बोलायचं ते पाठांतरात नव्हतं. त्यांनी माझा हात थोपटला आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करून एक वाक्य बोलले. मला पुन्हा कळलं नाही. पण या वेळी मी हाय म्हटलं नाही. खिशातली डायरी काढून ऐकू आलं तसं देवनागरीत उतरवून घेतलं: 'वाकारानाइ तोकि वा, वाकारानाइ तो इत्ते कुदासाइ.' आठवड्याने बाईंना दाखवलं. त्यांनी वाचलं आणि क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "समजत नसेल तेव्हा, समजत नाही असं सांगा."

त्या सुट्टीत सायलीला आलो. रात्री ओट्यावर आबांजवळ बसलो होतो. का कोण जाणे, सगळं सांगून टाकलं. आबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्या बी व्हय म्हनलो हुतो."

आमच्याकडे एक पद्धत होती. दर दिवाळीला पहिला फराळाचा डबा जायचा तो पलीकडच्या पाड्यावरच्या एका वारली काकांकडे. आबा स्वतः घेऊन जायचे, आम्हा भावंडांपैकी कुणाला पाठवायचे नाहीत. त्या काकांच्या उजव्या हाताला दोन बोटं नव्हती. आम्ही कधी विचारलं नाही. लहानपणी कारखान्याच्या गावात तुटलेली बोटं पुष्कळ दिसतात.

आबा सांगत होते. १९८१ साल असावं. येऊन वर्षही झालं नव्हतं. मशीन अडकलं होतं आणि ते काका आत हात घालून सूत सोडवत होते. पलीकडून सुपरवायझर ओरडला, "हमणां चालु करतो नहि!" म्हणजे आत्ता चालू करू नकोस. त्या खडखडाटात आबांना ऐकू आलं ते 'चालू करतो' एवढंच. गुजराती तेव्हा कळत नव्हती. पुन्हा विचारलं तर अडाणी म्हणतील, कामावरून काढतील, ही धास्ती. आबा म्हणाले, "व्हय." आणि बटण दाबलं.

"त्यानं कुनालाच सांगितलं न्हाई, बटन कुनी दाबलं ते," आबा म्हणाले. "माझी नोकरी ऱ्हायली. त्याची गेली."

मी आबांना त्याआधी कधी रडताना पाहिलं नव्हतं. त्या रात्रीही अंधार होता, त्यामुळे पाहिलं असं म्हणता येणार नाही.

मी पुढे पाच-सहा वर्षं त्याच कामात राहिलो. पाठांतर कमी केलं, विचारायला शिकलो. 'मो इचिदो ओनेगाइ शिमासु', म्हणजे पुन्हा एकदा सांगा, हे वाक्य मी हजारदा वापरलं असेल. एकही पाहुणा कधी रागावला नाही. आबांचं दुखणं वाढलं तेव्हा कायमचा सायलीला परतलो आणि छोटं ट्रॅव्हल ऑफिस टाकलं. आबा आता नाहीत. काकाही नाहीत. डबा अजून जातो, आता मी नेतो.

१४ सप्टेंबर २०१७ ला अहमदाबादला बुलेट ट्रेनचं भूमिपूजन झालं, जपानचे पंतप्रधान आबे आले होते. मार्ग आपल्या दादरा-नगर हवेलीतून जातो आणि स्टेशन जवळच वापीला. तेव्हापासून पर्यटन शिकणारी आसपासची पोरं विचारायला लागली, "काका, तुम्हाला जपानी येते ना?" हळूहळू आठवड्यातून दोन संध्याकाळी घराच्या गच्चीवर वर्ग सुरू झाला. फी नाही, फक्त वही स्वतःची आणायची. हिरागाना, ओळख, मोजणी, रस्ता सांगणं, जेवण वाढणं, माफी मागणं, एवढंच शिकवतो. कुणाला पुढे जायचं असेल तर एन-फाइव्ह या सगळ्यात खालच्या पातळीच्या परीक्षेची तयारी करून घेतो. त्यापुढे माझीच मजल नाही, हेही पहिल्या दिवशीच सांगतो.

गेल्या वर्षी एक वारली मुलगी यायची. घरी वारली, शाळा गुजरातीतून, मैत्रिणींशी हिंदी. मागे बसायची आणि मी काहीही विचारलं की म्हणायची, "हाय." वही पाहिली तर मोजणीचं पान कोरं. मी तिला काही बोललो नाही. पुढच्या तासाला सगळ्यांना आजोबांची गोष्ट सांगितली. मग प्रत्येकाला उभं करून मोठ्याने एकच शब्द म्हणायला लावला: 'वाकारिमासेन'. समजलं नाही. ती पोरगी पहिल्यांदा पुटपुटली, दुसऱ्यांदा जरा मोठ्याने, तिसऱ्यांदा गच्चीवर घुमेल असं म्हणाली आणि हसली. त्या दिवसापासून तिने मला नुसतं भंडावून सोडलं. दर दोन मिनिटांनी वाकारिमासेन!

वर्षाच्या शेवटी सगळ्यांनी आपल्या भागातली एक गोष्ट जपानी पाहुण्याला समजावून द्यायची होती. मी पाहुणा. कुणी दुधनीचा जलाशय घेतला, कुणी वासोणाची लायन सफारी. तिने घरून कागदावर काढून आणलेला लग्नाचा चौक घेतला. मी वर्गाला आधी सांगितलं होतं की डहाणूजवळच्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे जपानमध्ये निइगाताच्या मिथिला म्युझियमपर्यंत गेले होते, तेव्हा हे चित्र तिकडे परकं नाही. तिने पाच वाक्यं नीट सांगितली. हे चौक आहे. ही पालघट देवी आहे. हा तारपा आहे. माणसं नाचतात. चित्र पांढरं आहे.

मी पाहुण्याच्या भूमिकेत विचारलं, "या कोपऱ्यातल्या कंगव्याचा अर्थ काय?"

पूर्वीची ती असती तर हाय म्हणून मोकळी झाली असती. ती थोडी थांबली, व्यवस्थित वाकली आणि म्हणाली, "वाकारिमासेन." मग मराठीत, "आजीला विचारून पुढच्या तासाला सांगते, काका."

आणि तिने पुढच्या तासाला खरंच सांगितलं.

मंडळी, न समजता 'हो' म्हणून तुमच्याही हातून कधी काही झालंय का? लिहा. इथे कुणी अडाणी म्हणणार नाही.