मित्रांच्या खांद्यावरची बाज

कृष्णा महाबळेश्वरी उगम पावते, वाईच्या घाटांवरून पुढे जाते, कऱ्हाडला प्रीतिसंगमावर कोयनेला भेटते आणि सांगलीला येते. सांगलीजवळ हरिपूरला वारणाही तिला मिळते. साताऱ्याच्या डोंगरांत कोसळलेला पाऊस सांगलीकरांच्या उंबऱ्याशी पूर होऊन उभा राहतो. वरच्यांनी खालच्यांची काळजी वाहावी, हे नदीनेच या दोन जिल्ह्यांना नेमून दिले आहे.

आम्हां कॅथलिक कुटुंबांचे इथले जीवनही काहीसे असेच आहे. वसईसारखी गावोगावी चर्चची घंटा इकडे ऐकू येत नाही. पुणे धर्मप्रांताच्या या दक्षिण भागात आपली कुटुंबे थोडी आणि विखुरलेली. मिस्सेनंतर अंगणात जी गाठभेट होते, तीच पुढे आठवडाभर पुरवायची. त्यामुळे इथे मैत्री ही चैन नाही, ती श्रद्धेची गरज आहे.

आम्ही उभयता साताऱ्याचे. सांगलीत नदीकाठच्या वस्तीत राहणाऱ्या एका कुटुंबाशी आमचा जुना स्नेह. पावसाळ्यात कोयनेतून पाणी सोडल्याची बातमी आली की आमचा फोन ठरलेला. ऑगस्ट २०१९ मध्येही आम्ही कळवले, "सामान माडीवर चढवा." त्या वेळी आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेले, धोक्याची पातळी ४५ फुटांची. पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला बचावासाठी निघालेली नाव उलटून माणसे बुडाली. मग सांगलीचा फोन लागेनासा झाला. ते दिवस आम्ही कसे काढले, ते आमचे आम्हांला ठाऊक!

पाणी ओसरल्यावर आम्ही फावडी-घमेली घेऊन गेलो. घरात गुडघाभर चिखल होता. धान्य कुजले होते. भिंतीवरची पवित्र कुटुंबाची तसबीर ओळखू येत नव्हती. मंडळींचा जीव वाचला होता, कारण शेजारच्या मुसलमान कुटुंबाने त्यांना आपल्या वरच्या मजल्यावर घेतले होते. दिवसभर चिखल उपसून झाल्यावर आम्ही म्हटले, "चला, थोडी प्रार्थना करू." आमचे स्नेही खाली मान घालून म्हणाले, "तुम्ही करा. आम्ही नुसते बसतो. आमच्याकडे आता शब्द उरले नाहीत."

त्या क्षणी आम्हांला कफर्णहूमचे ते घर आठवले. मार्कच्या शुभवर्तमानात चौघे जण एका पक्षाघाती माणसाला उचलून आणतात, गर्दीमुळे वाट मिळत नाही म्हणून छप्पर उघडतात आणि त्याची बाज प्रभूपुढे खाली सोडतात. तो रोगी काही मागत नाही, एक शब्दही बोलत नाही. प्रभू त्याला क्षमा करतो, ती त्याला आणणाऱ्यांची श्रद्धा पाहून! ज्याची श्रद्धा अंथरुणाला खिळली आहे, त्याच्यासाठी मित्रांची श्रद्धा प्रभूला पुरते, केवढा हा दिलासा! त्या दिवशी आम्ही जपमाळ म्हटली. ते नुसते बसले. पुढेही कित्येक आठवडे असेच चालले.

त्या चौघांची नावे शुभवर्तमानकार सांगत नाही. बाजेचा एक कोपरा कोणी कोणत्या पंथाचा, कोणत्या धर्माचा म्हणून धरला, हे विचारण्याची सोयच नाही. मिरजेत डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ साली रुग्णालय उभे केले. ते प्रेस्बिटेरियन मिशनचे. पण त्या रुग्णालयाची दारे सर्वांनाच उघडी होती. सांगलीच्या त्या शेजाऱ्यांनीही तोच कोपरा धरला, असे आम्ही मानतो.

पुढे करोना आला. मार्च २०२० मध्ये चर्चची दारे बंद झाली. त्या महिन्याच्या २७ तारखेला पोप फ्रान्सिस रिकाम्या संत पेत्राच्या चौकात पावसात एकटेच उभे असलेले जगाने पाहिले. दारे १६ नोव्हेंबरला उघडली, एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा मिटली. मे महिन्यात आमचे थोरले बंधू गेले. दफनविधीला मोजकी माणसे. खांद्यावर हात ठेवायलाही कोणी जवळ येऊ शकत नव्हते. आता बाजेवर आम्ही होतो.

त्या रात्री आठ वाजता सांगलीहून फोन आला. "तुम्ही काही म्हणू नका, नुसते ऐका," असे म्हणून त्यांनी जपमाळ सुरू केली. मग रोजच आठ वाजता. त्याच जुलैत पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव येथे दरडी कोसळून माणसे गाडली गेली आणि सांगलीत पुन्हा पाणी चढले. फोन त्या रात्रीही आला. पलीकडे सामान वर नेण्याची धावपळ ऐकू येत होती, तरी एक मणी चुकला नाही.

वाचकहो, दुःखात पडलेल्या माणसाला देवाची इच्छा समजावून सांगण्याची घाई आपण करू नये. ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ मुकाट्याने बसले, तोवर ते खरे मित्र होते. बोलू लागले आणि दुरावले. आपल्या धर्मग्रामात आज कोणाचे दार बंद आहे, कोण मिस्सेला येईनासे झाले आहे, ते पाहावे. "का आला नाहीत?" असे विचारू नये. जावे, बसावे, त्यांच्या वाटची प्रार्थना आपण म्हणावी. बाज एकट्याला उचलत नाही. आणि आज जो खांदा देतो, उद्या त्यालाही खांद्याची गरज लागणारच आहे.